कोऱ्या चिठ्ठ्यांचा शनिवार

३ फेब्रुवारी, लिवाडिया
अकरा महिने तुला हात लावला नाही, वही, माफ कर. मिर्सिनी गेल्यावर लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या लेकीला नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. आज मात्र लिहावंसं वाटतंय. वाचनालयात नोकरी मिळाली, खिडकीखालून नदी वाहते, आणि घरमालकीण पोलिक्सेनीबाई भलत्याच बोलक्या आहेत. आल्या आल्या झऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाल्या, अथेन्सचं नळाचं पाणी पिऊन तोंड बघा कसं झालंय, बाई. हे प्या, झोप लागेल. पूर्वी इथे दोन झरे होते, लेथे म्हणजे विस्मृतीचा आणि दुसरा स्मृतीचा. दुसरा कधीच आटला म्हणे. मी हसले आणि प्यायले.

८ फेब्रुवारी
पाच रात्री सलग झोपले. या सुखावर माझा हक्क आहे का? तिला ताप चढत होता तेव्हा ‘सकाळी बघू’ असं मीच म्हणाले होते. ते शब्द आता टोचत नाहीत. टोचायला हवेत. तरी तांब्या रोज रिकामा करते.

१४ फेब्रुवारी
मृतांचा शनिवार. सगळे साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाची ताटं आणि आपापल्या मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या घेऊन चर्चमध्ये आले. पाद्री चिठ्ठी उघडायचा, जरा वेळ गप्प उभा राहायचा, आणि लोक म्हणायचे, यांची स्मृती अखंड राहो. मी पुढे होऊन पाहिलं. त्यांच्या एकाही चिठ्ठीवर अक्षर नव्हतं. माझ्या चिठ्ठीवरचं नाव त्यानं वाचलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही अचकटविचकट बोलले. पोलिक्सेनीबाई कानाशी पुटपुटल्या, अजून पाणी अंगी लागलं नाही वाटतं तुमच्या.

१७ फेब्रुवारी
झऱ्याचं पाणी सोडलं. दुकानातून बाटल्या आणल्या. पण तिचे डोळे कोणत्या रंगाचे होते? मला फक्त शांती हवी होती, तिला गमवायचं नव्हतं. नाही, खरं लिहावं. दुःख जातंय म्हटल्यावर सोबत आणखी काय जाईल, ते मी विचारलंच नाही.

१९ फेब्रुवारी
हातावर शाईनं लिहून ठेवलंय. मिर्सिनी. वाचता येतं. चेहरा डोळ्यांपुढे येत नाही — आवाज — ती मला काय म्हणून हाक —

२० फेब्रुवारी
हातावर कुणाचं तरी नाव. अक्षर माझंच. धुऊन टाकलं. झोप छान लागते.
उद्या: कपाटात लहान मुलीचा निळा कोट निघाला, कुणाचा ते पोलिक्सेनीबाईंना विचारून देऊन टाकायचा, बाही उसवलीय, ती आधी —