शनवारचं तेल

ती. रहमिमदादास, शालोम.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. परवा फोनवर तू मलाच विचारलंस, "कोण मिल्का?" इस्रायलला जाताना मात्र बजावून गेलास, "आपल्या घरच्या गोष्टी तू सांभाळ."

काल इथल्या इतिहास मंडळानं त्याच गोष्टी टेप करायला मला बोलावलं. मी आजोबांच्या तेलघाण्याची सांगायला लागले. शनवारी आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; घाणा बंद, विक्रीही बंद. अशाच एका शनवारी पहाटे कोणीतरी तेल मागायला आलं, आणि आजोबा म्हणाले... पुढचं आठवेचना! सगळे माझ्याकडे बघत होते. वाटलं, संपलं, मीही दादासारखीच.

तेवढ्यात मागून शेजारची दमयंती ओरडली, "अगो, ते म्हणाले, 'मी पाठ फिरवतो, तू भांडं उचल.' मागायला माझे आजोबाच आले होते. आजी बाळंतपणात अडलेली आणि घरात दिव्याला थेंब नाही. त्या उजेडात माझा बाप जन्मला. आमच्याकडे दर दिवाळीला सांगतात ही गोष्ट!"

इतकी वर्षं वाटायचं, मी एकटीच राखण करत्ये.

दादा, आता आपण दोघंही विसरलो तरी चालेल.

तुझी, आज गाढ झोपणारी,
मिल्का