हात लावू नकोस

अण्णा, घरात कुणाचाही कप वेगळा नसेल हा तुमचा नियम होता आणि तुमच्यामागे इतकी वर्षं मी तो पाळत आले. गेल्या महिन्यात तो मी मोडला आणि तुमच्या बायकोने मला रंगेहाथ पकडलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबते, मुलं एकमेकांकडे बघून हसतात. घरी आले की आधी आईच्या गोळ्यांचा डबा बघते. झाकण घट्ट आहे ना, जागेवर आहे ना? हात धुते, पर्स ठेवते आणि पुन्हा जाऊन तोच डबा बघते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बूड टेक की जरा." नाही टेकत, अण्णा.

आईला आतड्याचा कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं आणि आता केमोच्या गोळ्या चालू आहेत. केमो म्हटलं की मला सलाईनची बाटली आणि लोखंडी खाट एवढंच डोळ्यांपुढे यायचं. पण या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात, सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर, साध्या पाण्याबरोबर. काही दिवस घ्यायच्या, मग डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबायचं. आईने पहिल्यांदा गोळी बघितली आणि म्हणाली, "ह्या गोळीला भ्यायचं व्हय? मी इंजेक्शनाला भीत न्हाई."

भ्यायला मी होते ना. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. गोळी फोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची. दुसरं कुणी काढून देणार असेल तर त्याने हातमोजे घालायचे. उलटी, लघवी लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे, संडासात पाणी भरपूर टाकायचं. ताप आला, जुलाब थांबेनात, तोंड आलं, तर आमच्याकडे फोन करायचा, घरचे उपाय करत बसायचं नाही. "आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना आणि त्या कपड्यांना हात लावायचा नाही." माझी लेक, जी तुम्ही पाहिलीच नाहीत, साताऱ्याहून पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. मी नर्सबाईंना विचारलं, मग दोघींना एका घरात ठेवू की नको? त्या म्हणाल्या, "ठेवा की. एकत्र बसू दे, गप्पा मारू दे, जेवू दे. सांगितलं तेवढं पाळा."

सांगितलं तेवढ्यावर मी थांबले असते तर हे पत्र लिहायला बसले नसते. घरी आले आणि आईचं ताट, तांब्या, कप सगळं उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळं मांडलं. कुणी सांगितलं नव्हतं. भीतीने माझे हात आपोआप चालत होते. आई दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी जेवताना तिने नेहमीसारखी भाकरी मोडून नातीच्या ताटात टाकली नाही.

मी तिसरी-चौथीत असेन. गावाकडच्या घरामागे संडासाचा खड्डा खणायला एक माणूस आला होता. त्याने पाणी मागितलं आणि मी कान तुटलेल्या कपातून त्याला पाणी नेऊन दिलं. ते मला कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. तुम्ही तेवढ्यात एसटीच्या डेपोतून कामावरून आलात, सायकल भिंतीला लावलीत, त्याच्या हातून तो कप घेतलात आणि त्याला तुमच्या पेल्यातून पाणी दिलंत. मग आईकडून त्याच तुटक्या कपात चहा घेऊन माझ्यासमोर बसून प्यायलात. मला मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. "माझ्या बापाचा कप कवठ्याच्या हाटेलाभाईर वळचणीला असायचा," म्हणालात. "प्यायचा, आपला आपण इसळायचा, पालता घालायचा. त्यानं धम्म घेतला तवा ठरावलं, आता न्हाई. आपल्या घरात कुणाचाबी कप येगळा न्हाई. ध्यानात ठेव." मी ठेवलं होतं, अण्णा. शाळेत पोरांना हेच सांगत आले.

पुढे आईचं तोंड आलं. गिळताना दुखायचं, पण ती कुणाला कळू देत नव्हती. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर ती जमिनीवर बसलेली, पुढ्यात खलबत्ता, आत गोळी आणि शेजारी गुळाचा खडा. आम्हाला लहानपणी कडू औषध ती असंच द्यायची, कुटून, गुळात कालवून. त्याच खलबत्त्यात घरची लसणाची चटणी होते. आणि माझी लेक सात महिन्यांचं पोट सांभाळत वाकून म्हणत होती, "दे आज्जी, मी कुटते." मी दारातूनच किंचाळले. "हात लावू नकोस! आज्जीच्या भांड्याला हात लावू नकोस!"

पोरगी भिंतीला चिकटली. आईने बत्ता अलगद खाली ठेवला. माझ्याकडे बघत म्हणाली, "हे मी ऐकल्यालं हाय. पन भाईर. तुज्या बापाच्या घरात न्हवतं ऐकलं." आणि उठून आतल्या खोलीत जाऊन पडली. मी हातमोजे घालून गोळी पिशवीत बंद केली, दवाखान्यात परत द्यायला. खलबत्ता धुऊन बाजूला ठेवला. गोळीला अजून घाव बसला नव्हता. त्या संध्याकाळची गोळी आईने घेतली नाही. सकाळची पण नाही. मी ताटाशी बसून विनवलं, चिडले, रडले. "येगळं ऱ्हाऊन जगायचं न्हाई मला," एवढंच ती म्हणाली. इतकं मोठं ऑपरेशन सोसलेली बाई एका कपापायी औषध सोडणार, आणि तो कप मी मांडलेला.

त्या दिवशी मी रजा टाकली. घरात येरझाऱ्या घालत होते. ऊन जरा वर आलं आणि आईला उलटी झाली, लुगड्यावर. लेक जवळच होती, ती सवयीने पुढे झाली. आणि आईच ओरडली, माझ्यापेक्षा मोठ्याने, "हात लावू नको गं पोरी! लांब हो! पोटुशी हाईस तू!"

मी हातमोजे घालून तिचं लुगडं सोडवलं. गावाहून आणलेलं तुमचं घमेलं मागच्या मोरीत पालथं पडलेलं असतं, ते तिने हाताने दाखवलं. "त्यात भिजव." मी लुगडं भिजवत असताना ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "तुजा बाप खाकी कापडं ह्यातच भिजवायचा. डिझेलची. मला धुवू द्यायचा न्हाई, तुमाला शिवू द्यायचा न्हाई. हात लावू नका म्हणायचा, आंगाला खाज सुटंल, पोरांच्या कापडाला लागंल. सोताच धुवायचा." थोडं थांबून म्हणाली, "तवा मला न्हवतं वाटलं की तो येगळा पडला." मी तोंड फिरवून सोड्याचा डबा शोधत राहिले. डबा समोरच होता.

मी नर्सबाईंना फोन लावला. त्या मला चांगलंच बोलल्या. राहिलेल्या गोळ्या राहिल्या, पुढच्या वेळी दुप्पट द्यायच्या नाहीत. तोंड आल्याचं आधीच का नाही कळवलं? दुपारी घेऊन या, डॉक्टर बघतील, मगच पुढची गोळी. ताटं-कप साबणाने धुतले की झालं, वेगळे ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला? आणि पेशंट आपल्या हाताने गोळी घेऊ शकत असेल तर घेऊ दे की, हात धुवायचे फक्त. मी फोन ठेवते न ठेवते तोच आई आतून म्हणाली, "आन ती गोळी." मी म्हटलं, आत्ता नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा. "बघा! मागत न्हवते तवा पाया पडत हुतीस, आता मागतिया तर देत न्हाईस!" मला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

डॉक्टरांनी तपासलं, तोंडासाठी औषध दिलं आणि तोंड बरं होईपर्यंत गोळ्या थांबवल्या. आता परत चालू आहेत. आई स्वतः झाकणात गोळी काढते, तोंडात टाकते, पाणी पिते, हात धुते आणि माझ्याकडे अशी बघते की जणू मास्तरीण तीच आहे. तिचे तळहात लालसर झालेत, ते दवाखान्यात दाखवले. खिडकीतली भांडी त्याच दिवशी मांडणीवर सगळ्यांच्यात गेली. लेक आज्जीशेजारी पाय पसरून बसते आणि आज्जी तिला बाळाचं नाव काय ठेवायचं नाही याची यादी ऐकवते.

तुम्हाला वाटेल, झालं की मग. हे पत्र मी लिहून फाडणार आहे, कारण आईला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं आणि पुढचं तिने वाचायला नको. आज दुपारी आमचा तिघींचा चहा झाला. कप धुतले, मांडणीवर लावले. मग आईचा तेवढा उचलून परत नळाखाली धरला. रोजच धरते. आई बाहेरून म्हणाली, "किती पानी सोडतीस गं?" मी म्हटलं, "भांडी लय हायत." मोरीत तेवढा एकच कप होता, अण्णा.