गिरणीचा शेवटचा शुक्रवार

नॉर्थ कॅरोलायना,
३ नोव्हेंबर २००३

प्रिय चेची,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

आमची कापडगिरणी शुक्रवारी बंद झाली. बत्तीस वर्षांपूर्वी जिथे इंजिनिअर म्हणून लागलो आणि पुढे प्रमुख झालो, तीच. परदेशी कापडावरचा आयातकर कमी करायला हरकत नाही, असा सल्ला सरकारच्या व्यापार समितीत मीच दिला होता. आपली गिरणी तग धरेल असं मला खरंच वाटलं होतं, गं.

कामगारांना मी स्वतःच सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. मागावर काम करणारी लोरीन, जिने माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला तिच्या नवऱ्याचा कोट दिला होता, ती एवढंच म्हणाली, "तुम्ही वॉशिंग्टनला जायचात ना, तेव्हा आम्ही निर्धास्त असायचो. म्हणायचो, आपला माणूस आहे तिथे."



समितीचा राजीनामा पाठवलाय. तू काळजी करू नकोस. फक्त बैठकीच्या खोलीत मंत्र्यांबरोबरचा माझा फोटो लावला आहेस, तो उतरवून ठेव. कुणी विचारलंच, तर काच फुटली म्हण.

तुझाच,
कुंजुमोन