आप्पा आज गोठ्यात गेले

मंगळवार, संध्याकाळ. मोशी.

आज आप्पा खोकले नाहीत. हे आधी लिहून टाकते.

कास्टिंगच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या, कंपनीत त्यांची सगळी नोकरी धुळीत गेली. छाती बिघडल्यापासून गोठा बंद. जाड मास्क लावला की गुदमरायचे, ओढून फेकायचे. गाय मात्र विकू देईनात.

आमच्या चाकणच्या युनिटमध्ये पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, द्रावणाला विजेचा मोठा दाब देतात. सुईच्या टोकातून डोळ्यांना दिसणारही नाहीत असे तंतू निघतात आणि त्यांचा पातळ पांढरा पडदा जमतो. धूळ अडते, हवा जाते. आप्पांसाठी तो वापरावा हे सुचलं माझ्याबरोबर मशीनवर असणाऱ्या सलमाताईला. साहेबांना विचारून तिने उरलेला तुकडा घेतला, सुती कापडात घातला आणि मास्क शिवला. भोकं पडू नयेत म्हणून शिलाई फक्त कडेने.

डॉक्टर म्हणाले होते, थोडा वेळ लावून बघा. आज आप्पांनी तो लावून गायीला कडबा तोडला. भुसा उडत होता. मी दारातच उभी, सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. खोकला आला नाही. खरंच नाही.

"आगं, बघती काय? दम न्हाई लागला मला," म्हणाले आणि गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

सलमाताईला फोन केला. आभार कसे मानायचे? "ताई, आप्पा आज गोठ्यात गेले," एवढंच सांगितलं.

"खोकले का गं?" तिनेच घाबरत विचारलं.

"नाही."

मग ती म्हणाली, "उद्या साहेबांना विचारते. बदलायला अजून एक लागेल ना!"