मोठा डाग

२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या ताईची सुई! लिव्हरमधली गाठ जाळणार — आतड्याच्या कॅन्सरमधून तिथवर पोचलेली, एकवीस मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, "तू सुट्टी घे. सीटी स्कॅनवर दुसरं कुणी बसेल." छे! अकरा वर्षं लोकांच्या गाठी मापतेय, आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी पाठ फिरवू?

३ फेब्रुवारी

झालं एकदाचं. नाव टाइप करताना हात अडला — माझंच माहेरचं आडनाव. सुई आत शिरताना, टोक गाठीत बसल्यावर, जाळून झाल्यावर — सगळे फोटो क्रमाने लावून ठेवले. एरवी ठेवते तसेच. दहा मिनिटं ते जाळायचं यंत्र घुमत होतं आणि मी काचेमागे तोंडात रुमाल कोंबून.

जळका भाग चौतीस. एका बाजूला मोठी शीर आहे, तिथे गाठीभोवतीची जळकी कड जरा कमी पडली. "शिरेजवळ याहून जमत नाही. नोंद कर," डॉक्टर म्हणाले. केली.

संध्याकाळी ताईने कागद हिसकावला. "एकवीसची चौतीस? अगं बारके, ही तर वाढली!" रडायलाच लागली. म्हटलं, वेडाबाई, गाठ नाही, जळका डाग आहे तो! गाठीपेक्षा मोठाच हवा, म्हणजे ती कडेसकट जळली. मोठा म्हणजे चांगलं! आईच्या डोक्यात शिरेना, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "मोठा म्हणजे चांगलं, मोठा म्हणजे चांगलं." तिघी पोट धरून हसलो. ताईला टाके नव्हते म्हणून बरं.

१९ मार्च

ताई स्वयंपाकघराची भिंत रंगवतेय. एका हाताने! दुसरा पोटावर. म्हणते, "डागोबा झोपलेत, हळू बोल." चहाटळ मेली. किती दिवसांनी पोटभर जेवले मी.

४ मे, सोमवार

एक्केचाळीस.

तीनदा मापलं.

५ मे

मी अर्धंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मोठा हवा, पण पुढे तो आक्रसत जायला हवा. हे वाक्य तेव्हा बोललेच नाही. हसत बसलो होतो ना! आता शिरेच्या बाजूला उजळ कड आलीय, म्हणजे गाठ परत वाढतेय — जिथे कमी पडलं होतं, बरोबर तिथेच. आणखी चार नव्या गाठी. डॉक्टर म्हणाले, "आता जाळण्यात अर्थ नाही." माझ्याकडे बघत नव्हते.

घरी पोचते तोवर ताईचा फोन. रिपोर्ट मोबाईलवर गेलेला. "बारके, एक्केचाळीस! मोठा झाला गं!" मागून आई ओरडतेय, "मोठा म्हणजे चांगलं!"

मी "हं" म्हटलं. नुसतं हं. जीभ झडली होती का माझी?

६ मे

सांगायला निघाले. कोपऱ्यावरून परत आले. भित्री कुठली.

७ मे

ताई जिन्यातच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "रिपोर्टातल्या खालच्या ओळी, नव्या गाठींच्या, मी आधी वाचल्या. मग तुला फोन केला. आई शेजारी बसली होती."

"ताई, मी तेव्हा—"

"गप. रडायचं तर इथे रड. वर नाही."

पायरीवर बसून रडलो दोघी. मग तोंडं धुऊन वर गेलो. आई दारातच. "तू मापतेस ना? मग तूच सांग."

"मोठा झालाय, आई," म्हटलं.