आमच्या येथे श्रीकृपेकरून सायकल शर्यत

मी, संजीवनी जोतीराम खारतोडे, वय साठ, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार बारामती, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि माझ्याच अक्षरात लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण गुडघ्यांनी मृत्युपत्र लिहीत नसतात. "बाई, यात एवढं बोलत नसतात," असे वकील म्हणाले. मग बोलायचे कधी? नंतर?

१. काटेवाडीच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ ज्ञानेश यास, बांधावरच्या आंब्यासह. झाड मी लावले, पाणी मी घातले, आंबे त्यानेच खाल्ले. आता कायद्यानेही खावेत.

२. बारामतीचे घर, माझी शर्यतीची सायकल आणि पोस्टर्सचे लोखंडी कपाट ज्ञानेशची मुलगी संस्कृती हिला, एकटीच्या मालकीने. तिने इथे राहून सराव करावा. लग्न होवो न होवो, यात फरक पडणार नाही.

ज्ञानेश, हे नीट वाच. सुप्याच्या स्थळाने "आधी सायकल बंद करा, मग बघू" म्हटले आणि तू मान डोलावलीस, म्हणून हे कलम. "आक्का, पोरीच्या जातीनं गोल गोल फिरून कुठं पोचायचं हाय?" असे तू माझ्याच स्वयंपाकघरात विचारलेस. तेव्हा उत्तर दिले नाही, कारण चहा उतू जात होता. हे घर म्हणजे त्याचे उत्तर.

३. कपाटात गोल धावपट्टीवरच्या सायकल शर्यतींची जुनी पोस्टर्स आहेत. बेल्जियमची, पॅरिसची, एक जपानचे. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, काही टपालाने मागवून, हौसेच्या साड्या न घेता जमवली. त्यांचे लॅमिनेशन करू नये. सेलोटेप तर त्यांना दाखवूही नये. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उघडून झटकावीत. कुणी शहाणा "तुमचा यांच्याशी काय संबंध?" म्हणाला, तर त्याला सर्वांत खालचे पोस्टर दाखवावे.

ते इंदापूरला छापलेले. मी तेव्हा कॉलेजात होते. साखर कारखान्याच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने गोल आखून मुलींची शर्यत ठेवली होती, आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हौसेने पोस्टर छापायला टाकले. ऐन लग्नसराई! छापखानेवाल्याने लग्नपत्रिकेसाठी जुळवलेले अक्षरांचे खिळे हलवलेच नाहीत. छापून आले: "आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. संजीवनी हिची सायकल शर्यत करण्याचे योजिले आहे. तरी सहकुटुंब, सहपरिवार येऊन शोभा वाढवावी." निम्मे गाव आहेर घेऊन आले. नरसिंहपूरची ठमाआत्या पातेले घेऊन मैदानात उभी! "अगं, नवरदेव कुठं हाय?"

शर्यत मी जिंकले. पातेले ठेवून घेतले. चहा अजून त्यातच होतो.

पुढे स्थळे यायची ती विचारायची, "आधी एकदा पत्रिका निघाली व्हती म्हनं?" ज्ञानेश लाजेने भिंतींवरची पोस्टर्स फाडत हिंडला. एक आबांनी वाचवून देवघरात ठेवले. "पोरी, श्रीकृपा छापली हाय, ती काय चूक न्हाय," म्हणाले. एवढ्या बोलण्यावर मी नोकरी केली, घर बांधले. लग्न झाले नाही याचे दुःख नाही. लोकांच्या कीव करण्याचा मात्र वीट आला.

हे पोस्टर विकू नये. वरची ओळ कापून "नीट" तर मुळीच करू नये.

४. पातेलेही संस्कृतीला.

५. माझा दहावा नरसिंहपूरच्या संगमावर करावा. त्या दिवशी संस्कृतीची शर्यत असेल तर तिने शर्यतीलाच जावे. पिंडाला कावळा शिवायला उशीर होईल. भटजींनी घाई करून दर्भाचा कावळा शिववू नये. ज्ञानेशने हात जोडून, चार माणसांना ऐकू जाईल असे म्हणावे, "आक्का, पोरीची सायकल बंद करनार न्हाय." त्याआधी मी कावळ्याला खाली उतरू देणार नाही.

ज्ञानेशला साक्षीदार म्हणून बोलावलेले नाही. त्याला घाटावर काम आहे.

सही: संजीवनी जोतीराम खारतोडे

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. अनिता रावजी देवकाते, शेजारी
२. अविराज सोनबा गावडे, माजी विद्यार्थी

बारामती, दि. ८ फेब्रुवारी २०२६