डावं मागचं चाक

शनिवार, 1 जुलै 2006. सकाळी 6.40
गाडीच्या मागून घुमल्यासारखा आवाज येतो. चाळीसच्या पुढे वाढतो, उजवीकडे वळताना जास्त. निदान: मागचं डावं बेअरिंग. नोकरीत मी दिवसभर बेअरिंगच्या आयुष्याचीच गणितं करते, त्यामुळे मेकॅनिकची गरज नाही. अंदाज: चार तास.

कारण पेरुंगुडीचा फ्लॅट. तिसरा मजला, स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. कंपनीची बस तिकडे जात नाही, म्हणून आधी गाडी, मग घर. तिथले मालक म्हणाले, सोळा तारखेपर्यंत या, दूध उतू घाला, किल्ली घ्या. सोळा म्हणजे साधारण वीस धरायला हरकत नाही.

इथे वेस्ट मांबलममध्ये मी वरच्या खोलीत. खाली घरमालक, चंद्रमौळीमामा आणि कनकामामी. तंजावरकडचे मराठी. फाटक रात्री साडेनऊला बंद. फोन कोणाचा होता ते विचारतात, आणि सांगितलं तर तो का करतो हेही. तक्रार नाही. नोंद आहे.

दुपारी 1.15
गाडी घराशेजारच्या बोळात घेतली. डाव्या बाजूला बसायला जागा हवी म्हणून उजवीकडे चिकटवली. त्यामुळे माझा बाहेरचा जिना अडला. फट 11 सेंटिमीटर. तोवर त्यांच्या स्वयंपाकघरातून ये-जा. एका दिवसाचा प्रश्न आहे.

रविवार, 2 जुलै
चाकाचा ड्रम आज निघाला. काल गंजामुळे निघाला नाही. गंजाचा वेळ अंदाजात धरलेला नव्हता. जुनी बेअरिंगं लोखंडी पंच लावून ठोकून काढली. दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्टीलची नळी निघाली. केरोसीनने धुऊन तुळशीच्या कट्ट्यावर वाळत ठेवली.
स्वयंपाकघरातून चार वेळा गेले. चार वेळा जेवले. मामी म्हणाल्या, "उपाशी कोणी माझ्या चुलीपुढून जायचं नाही गे."
उद्यापासून बाहेरून खाऊन येणार.

बुधवार, 5 जुलै
पार्ट्सच्या दुकानातला माणूस म्हणाला, जुनं बेअरिंग आणून दाखवा. मी मापं तोंडी सांगितली. घरी आल्यावर कळलं, एक आकडा चुकला. माझा नसावा.
बाहेरून खाऊन आले. मग घरी परत जेवले.

रविवार, 9 जुलै
बरोबर बेअरिंगं मिळाली. आत जात नाहीत. ऑफिसात याला हायड्रॉलिक प्रेस आहे. इथे हातोडी आहे. थंडीने आकसावीत म्हणून मामींच्या फ्रीजरमध्ये ठेवली. तासाभराने मामींनी ती बाहेर काढून उन्हात ठेवली. देवाच्या दुधाला तेलाचा वास लागतो म्हणाल्या. आता प्रसरण पावली आहेत.
देवघर स्वयंपाकघरातच आहे, जेवताना समोर येतं. उदबत्तीला नवं घर आणलेलं दिसतं. स्टीलची जाड नळी, आत तांदूळ भरलेले. फिनिशिंग चांगलं आहे.

गुरुवार, 13 जुलै
मामा म्हणाले, गाडी राहू दे, टेम्पो बोलावतो. एक पलंग, दोन पेट्या, तासाचं काम. मागाहून गाडी ने.
नाही म्हटलं. क्रम ठरलेला आहे. असा मोडला तर प्लॅन कशाला करायचा?
मामा म्हणाले, "तुला जायचं आहे की गाडी दुरुस्त करायची आहे, एक काय ते सांग."
दोन्ही, असं सांगितलं.

शनिवार, 15 जुलै. संध्याकाळी
दोन्ही बेअरिंगं बसली. ड्रम चढवला. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळला.
चाक फिरत नाही. अजिबात.
निष्कर्ष: बेअरिंगमध्ये दोष. तीन पानी तक्रार लिहिली, आलेखासह.

रविवार, 16 जुलै
सकाळी मामांनी न विचारता कोपऱ्यावरचा मेकॅनिक आणला. त्याने नट सैल केला, चाक फिरलं. मग तमिळमध्ये विचारलं, मधली रिंग कुठे आहे, अम्मा? मी म्हटलं, अशी रिंग नव्हती. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
तो गेल्यावर ही वही उघडली. 2 जुलै. नळी. ती मध्ये नसेल तर नट आवळल्यावर बेअरिंगं दाबली जाऊन अडकतात.
कट्ट्यावर नाही. मामींना विचारलं, स्पेसर पाहिला का? बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, तिन्ही सांगितलं. कागदावर काढून दाखवलं. म्हणाल्या, असलं काही पाहिलं नाही.

दुपारी मामा कॅलेंडर घेऊन आले. उद्यापासून तमिळ आडी महिना. आडीत कोणी घर बदलत नाही, मालक किल्लीही देत नाही. मला वाटलं होतं सोळा ही नुसती तारीख आहे. पेरुंगुडीला फोन केला. चार दिवस वाढवून मागितले. मालक म्हणाले, दुसरं एक जोडपं सकाळीच येऊन दूध उतू घालून गेलं. तुम्ही आला नाहीत.
तक्रारीचं पत्र फाडलं. आलेख ठेवला.

शनिवार, 22 जुलै. दुपारी
जेवताना उदबत्ती संपली, राख पडली. नळीची कड दिसली. कडेवर माझ्या पंचाची खूण.
दोन आठवडे तिच्यासमोर बसून जेवते आहे.
मामींना सांगितलं. म्हणाल्या, तुळशीपाशी पडलं होतं, तू कागदावर काढलंस ते तर चौकोनी होतं. बरोबर. तो उभा छेद होता.
त्यांनी तांदूळ काढून नळी पुसून हातात दिली. मग विचारलं, "आता जाशील?"
म्हटलं, तो फ्लॅट गेला.
त्यांनी भात वाढला.

रात्री 10.15
नळी घालून जोडणी 35 मिनिटांत. चाक फिरतं. आवाज गेला. निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, याची नोंद.
चाचणी म्हणून पेरुंगुडीपर्यंत गेले. तिसऱ्या मजल्यावर कोणाचे तरी कपडे वाळत होते.
9.20 ला परत. फाटकाच्या दहा मिनिटं आधी. उदबत्तीसाठी मामींना जुनं बेअरिंग दिलं. व्यवस्थित बसतं.
गाडी आता फाटकापाशी लावली. जिना पूर्ण मोकळा आहे. खोलीत आल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरातून आले, आणि जेवले आहे.